फटाक्यांची वही

मापकाकांची गाडी मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पहिल्यांदा फुटली आणि समोरच्या सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली.

सलूनवाला वस्तरा हातात घेऊनच रस्त्यावर आला. मागोमाग गळ्याला फडकं बांधलेलं गिऱ्हाईक आलं. "काय झालं?" दोघांनी एकदमच विचारलं. काका स्टिअरिंग धरून ताठ बसले होते. "काही नाही," ते म्हणाले, "थंड आहे जरा." एवढं म्हणतायत तोच गाडीने सायलेन्सरमधून दुसरा बार काढला आणि गिऱ्हाईक फुटपाथवर मटकन खाली बसलं.

काका वजनमाप खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. आता तराजू सुटले होते, पण मोजायची खोड काही सुटली नव्हती. चहात साखर किती, जिन्याला पायऱ्या किती, पाहुणा किती वेळ बसला, सगळं त्यांना तोंडपाठ. गल्ली त्यांना मापकाका म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं. गाडीतून उतरल्यावर त्यांनी पहिलं काय केलं असेल, तर एक नवी वही काढली आणि लिहिलं: 'मंगळवार. ७.१०. मोठे दोन, मध्यम एक. नंतर फुरफुर.' त्यानंतर मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

कारण रविवारी अक्का येणार होती.

अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण, वय वर्षं ऐंशी. अर्धं आयुष्य तिने ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. चुकीचा गियर टाकणाऱ्याच्या गुडघ्यावर ती लाकडी फूटपट्टी मारायची, मग तो विद्यार्थी कॉलेजातला असो की कोर्टातला. काकाही तिच्याकडेच शिकले आणि त्यांचा डावा गुडघा अजून ते विसरलेला नाही. गाडी वडिलांनी घेतलेली, साबणाच्या वडीसारखी गोल, फिकट पिवळी. कागदपत्रं अक्काच्या नावावर आणि गाडी काकांच्या दारात, असं चाळीस वर्षं चाललं होतं. सोमवारी अक्काचं पत्र आलं. ते काकांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं:

'रविवारी नऊ वाजता येते. माझं वय झालं, एकेक गोष्ट मार्गी लावतेय. आपण गाडीतून चार चौकांचा फेरा मारू. गाडी घड्याळासारखी चालली तर कागद तिथल्या तिथे करून देते. गाडी ज्याने नीट सांभाळली, त्याचीच ती. नाही चालली तर संग्रहालयवाले मागे लागलेच आहेत. ते इंजिन काढून टाकतात, तेल गळायची भानगड नको म्हणून, आणि आत प्लॅस्टिकचं एक जोडपं बसवतात.'

हे प्लॅस्टिकचं जोडपं काकांच्या मनातून जाईना. डोळे मिटले की त्यांना आपल्या सीटवर एक गुळगुळीत गुलाबी माणूस दिसायचा, चेहऱ्यावर हसू आणि पोटात पोकळी. बघायला गेलं तर गाडी म्हणजे चार पत्रे आणि एक आवाज. पण काकांना तो आवाज हवा होता. तो नसेल तर सकाळी उठायचं कशासाठी, असा साधा प्रश्न त्यांना पडला होता. तो त्यांनी कुणालाच विचारला नाही.

काकूंनी पत्र ऐकून एवढंच विचारलं, "वन्संबाई बॉनेट उघडून बघतील का?"

"उघडल्याशिवाय राहील का ती? पांढरा रुमाल फिरवून धूळ बघेल."

"बरं," काकू म्हणाल्या आणि पुन्हा कणिक मळायला लागल्या.

काकूंची ओळख इथेच करून देतो, कारण त्या घरात ती कुणी फारशी करून देत नसे. त्या चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. हजारो वायरींच्या जंगलात त्यांनी नोकरी केली आणि घरी आल्यावरही त्यांना विस्कटलेली वायर सहन होत नसे. त्यांच्या इस्त्रीची वायर, पंख्याची वायर, टेबलावरच्या दिव्याची वायर, सगळ्या मेणलावल्या दोऱ्याने समान अंतरावर गाठी मारून भिंतीलगत बसवलेल्या. काकांना घरातला हा नीटनेटकेपणा इतका अंगवळणी पडला होता, की तो कुणी करतं हेच ते विसरून गेले होते. गाडीला हात लावायची मात्र काकूंना बंदी होती. त्यांची जागा मागच्या सीटवर, कारण पुढच्या सीटवर हत्यारांची पेटी बसायची. मागच्या सीटची डावी स्प्रिंग टोचते, असं त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं. काकांनी एकदा वरून पट्टी धरून मोजलं आणि उंची प्रमाणात असल्याचा निर्वाळा दिला. विषय संपला.

एक काम मात्र काकूंकडे होतं. काकांची कंबर धरल्यापासून संध्याकाळी गाडीवर कापडी खोळ त्या घालायच्या.

मंगळवारी साडेआठला डॉक्टर आले. हे डॉक्टर म्हणजे मेकॅनिक. गल्लीच्या टोकाला त्यांचं गॅरेज, पण ऐट दवाखान्याची. हातात रबरी नळीचा तुकडा; त्याचं एक टोक कानात घालून दुसरं इंजिनाला लावायचं आणि भुवया उंचावायच्या. काकांचा त्यांच्यावर आंधळा विश्वास होता.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"सात दहापासून. मोठे दोन, मध्यम एक."

"आवाज कोरडा की ओला?"

काकांनी नोंद पुन्हा वाचली. हे त्यांनी वहीत टिपलं नव्हतं.

डॉक्टरांची तपासायची पद्धत ठरलेली. तक्रार कसलीही असो, ब्रेक असो नाहीतर हॉर्न असो, आधी प्लगच्या चारही वायरी एका झटक्यात उपटायच्या, चारही प्लग खोलायचे आणि त्यांची तोंडं उन्हात धरून बघायची. माणसांचा डॉक्टर जसा आधी जीभ बघतो, तसं. मग प्लग पुसून परत बसवायचे आणि वायरी जागच्या जागी खोचायच्या. हे सगळं करताना ते इंजिनाकडे बघतसुद्धा नसत. चाळीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप चालायचे आणि डोळे व तोंड गप्पांना मोकळी राहायची. त्या दिवशी गप्पांचा विषय होता सलूनवाल्याच्या गिऱ्हाइकाची मिशी.

"काळे पडलेत दोन," प्लग न्याहाळत डॉक्टर म्हणाले. "मधले दोन. सिलिंडर मिसिंग करतायत. पेट्रोल आत जातं, पेटत नाही, तसंच सायलेन्सरमध्ये उतरतं आणि तिथे जाऊन फुटतं. कारण काय? पेट्रोलमध्ये पाणी."

टाकी रिकामी केली. नवं पेट्रोल भरलं. किल्ली फिरवली तर गाडी अशी गुरगुरली, की काकांच्या जिवात जीव आला. त्यांनी वहीत लिहिलं: 'कारण: पाणी. निकाल: उत्तम.' डॉक्टरांनी दोन कप चहा घेतला आणि ताठ मानेने निघून गेले. संध्याकाळी काकूंनी गाडीवर खोळ घातली.

बुधवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गाडी फुटली.

सलूनवाल्याने मिशीचं काम आता साडेसातनंतरच घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून फक्त पावडरचा डबा पडला. डॉक्टर आले. वायरी उपटल्या, प्लगची तोंडं पाहिली, प्लग बसवले, वायरी खोचल्या. कानात नळी घातली. "पाणी नव्हतंच," ते म्हणाले. आदल्या दिवशी पाणी कुणी दुसऱ्यानेच शोधलं असावं असा त्यांचा सूर होता. "कंडेन्सर गेलाय." कंडेन्सर बदलला. गाडी झकास चालली. गुरुवारी सात दहाला पुन्हा फुटली. कार्ब्युरेटर खोलला, फुंकला, बसवला, झकास. शुक्रवारी पुन्हा. टायमिंग लावलं. पुन्हा झकास.

वहीची चार पानं भरली होती. शुक्रवारी दुपारी काका डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये ती पानं पुढ्यात घेऊन बसले आणि एकाएकी ताडकन उठले.

"डॉक्टर! ही फक्त सकाळीच फुटते!"

डॉक्टरांनी वही घेतली. खरंच होतं. दुपारी एकही नोंद नाही. डॉक्टरांनी दुरुस्त केली की गाडी दिवसभर शहाण्यासारखी वागते आणि सकाळ झाली की बंदूक होते. डॉक्टरांनी डोळे बारीक केले. चार दिवसांत चार कारणं देऊन झाली होती. आता पाचवं असं हवं होतं, जे पहिल्या चारांना पोटात घेईल.

"दव," ते हळूच म्हणाले.

"दव?"

"खोळीच्या आत घाम धरतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर बसतो. टोपण म्हणजे काय, चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा माणूस. तो गारठला की वाटपात घोटाळा."

काकांना हे एकदम पटलं. मोजमापाच्या माणसाला कारण मिळालं की अर्धा आजार बरा होतो. शनिवारची सकाळही फुटण्यात गेली, डॉक्टरांनी वायरी उपटल्या-खोचल्या, गाडी सुधारली आणि मग दोघांनी मिळून बंदोबस्त ठरवला. रात्रभर टोपणाला ऊब द्यायची. त्यासाठी घरातली गरम पाण्याची रबरी पिशवी, काकांच्या कंबरेची, गाडीला द्यायची. वर लोकरीचं कानटोपरं. उद्या अक्का येईपर्यंत कुणीही बॉनेट उघडायचं नाही, किल्लीसुद्धा फिरवायची नाही.

"पण वाकायचं कुणी?" काका कंबर धरत म्हणाले.

"काकू आहेत की," डॉक्टर म्हणाले. "काकू, संध्याकाळी खोळ घालायच्या आधी बॉनेट उघडून पिशवी तेवढी ठेवाल?"

"ठेवीन," काकू म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर हसू होतं, पण ते बघायला कुणाला वेळ होता?

रविवारी नऊच्या ठोक्याला अक्का आली. काठी एका हातात, पर्स दुसऱ्या हातात आणि पर्समधून फूटपट्टीचं टोक बाहेर. तिने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकांना काठीने टकटक केलं आणि पुढचं दार उघडून सीटवरच्या हत्यारांच्या पेटीकडे बघितलं.

"हिला कुठे जायचंय?"

काकांनी घाईघाईने पेटी डिकीत टाकली. अक्का पुढे बसली, काकू नेहमीप्रमाणे मागे, उजवीकडे सरकून. फुटपाथवर डॉक्टर उभे होते, न बोलावता आलेले, हातात नळी. त्यांनी बॉनेटखालून पिशवी आणि कानटोपरं अशा चपळाईने ओढून काढलं, की अक्काला काही दिसू नये. तिला सगळं दिसलं. सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या तोंडावरचा वस्तरा उचलून आधीच वर धरला होता.

काकांनी किल्ली फिरवली.

गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली. काकांनी श्वास सोडला. एक चौक पार पडला, धक्के देत का होईना. दुसऱ्या चौकात गाडीने असा बार काढला, की कबुतरं उडाली, एका बाईच्या हातातली पिशवी सुटली आणि मागोमाग तीन छोटे बार सुटले, फुट फुट फुट. गाडी चौकाच्या मधोमध उचक्या देत उभी राहिली.

"दव," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू आला नाही.

"दव तुझ्या डोक्यात पडलंय," अक्का म्हणाली. "बंद कर. उतर."

बॉनेट उघडलं गेलं. तोवर डॉक्टर धापा टाकत मागून पोचले होते. चौघेही आत बघत उभे राहिले.

आत इंजिन नव्हतं, देवघर होतं. पत्र्यावर तेलाचा ठिपका नाही. पितळी भाग लखलखत होते. आणि टोपणातून निघणाऱ्या चारही वायरी एकमेकींना न शिवता, ओळीत, समान अंतरावर मेणलावल्या दोऱ्याच्या गाठींनी बांधलेल्या, प्रत्येकीला कागदाची इवलीशी चिठ्ठी: एक, दोन, तीन, चार. काकांनी गाठी ओळखल्या. त्यांच्या इस्त्रीला त्याच गाठी होत्या. चिठ्ठ्यांवरचं अक्षर त्यांच्या किराणा यादीवरचं होतं.

पाच दिवसांचा सगळा पाढा त्यांच्या डोळ्यांपुढून सरकला. पाणी, कंडेन्सर, कार्ब्युरेटर, टायमिंग, दव. आणि रोज संध्याकाळची खोळ.

"हे कुणी केलं?" अक्काने विचारलं.

काकांनी मागे बघितलं नाही. बघायचं धाडस नव्हतं आणि बघितलं असतं तर हे काकूंचं काम आहे हे सगळ्यांना कळलं असतं. आयुष्यात प्रथमच ते न मोजता बोलले.

"मी केलं."

"तू? तुला बापजन्मात अशी गाठ जमली असती का? बुटाची नाडी मी बांधून देत होते तुला, नववीपर्यंत."

"मी केलं, वन्संबाई," काकू पुढे आल्या. त्यांचा पदर खोचलेलाच होता. "तुम्ही बॉनेट उघडणार म्हणून सोमवारी आतून पुसून काढलं. बघते तर मधल्या दोन वायरी एकमेकींच्या अंगावरून गेलेल्या, तिढा पडलेला. आमच्या एक्सचेंजमध्ये असं ठेवलं असतं तर सुपरवायझरबाईंनी उभं केलं असतं. मी त्या सरळ केल्या, ओळीने लावल्या. दुसऱ्या दिवशी बघते तर पुन्हा तिढा, वर हातांचे काळे ठसे! रोज मी नीट करायची आणि रोज हे डॉक्टर येऊन विस्कटून जायचे. शेवटी काल गाठी मारल्या, चिठ्ठ्याही लावल्या. मोठं माणूस, ह्यांचा विश्वास त्यांच्यावर. कशाला तोंडावर बोला, म्हणून गप्प बसले."

डॉक्टरांनी नळी हळूच पाठीमागे लपवली.

अक्काचे खांदे हलायला लागले. मग ती काठी बॉनेटला टेकवून, डोळ्यांना रुमाल लावून एवढी हसली, की सिग्नलला थांबलेले लोकही हसायला लागले.

"अगं, तो तिढा नाही. इंजिन ओळीने पेटतच नाही. आधी पहिला, मग तिसरा, मग चौथा, मग दुसरा. मधल्या दोघांना तू एकमेकांच्या वेळेला ठिणगी देत होतीस. चुकीच्या नंबरला फोन जोडलास तू."

काकूंनी तोंडावर हात नेला. "अगंबाई! आणि रोज!"

"सोड आता. तूच सोडव आणि तूच लाव. डॉक्टर, तुम्ही हात लावायचा नाही."

काकूंनी दोन गाठी सोडल्या. मधल्या दोन वायरींची अदलाबदल केली, एकीवरून दुसरी नेली आणि ती ओलांडतानासुद्धा अशी नेली, की तिढा वाटू नये. वर नवी गाठ मारली. काका किल्लीपाशी गेले. गाडी सुरू झाली आणि चौकात उभ्या माणसांना ती सुरू आहे हे कळायला थोडा वेळ लागला, इतकी ती मऊ चालत होती.

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलंही नाही.

अक्काने पांढरा रुमाल इंजिनावर फिरवला. रुमाल पांढराच राहिला. तिने पर्समधून कागद काढले, बॉनेटवर पसरले आणि पेनाचं टोपण दातांनी उघडलं.

"घड्याळासारखी चालतेय," काका म्हणाले. "तूच लिहिलं होतंस, अक्का."

"लिहिलं होतं. ज्याने नीट सांभाळली त्याची, असंही लिहिलं होतं." ती काकूंकडे वळली. "पूर्ण नाव सांग गं, कागदावर आहे तसं."

"माझं?"

"मग काय ह्याचं? ह्याने चाळीस वर्षांत आत कधी फडकं मारलं? वही लिहीत बसला असेल." काकांनी वही पाठीमागे धरली, डॉक्टरांची नळी त्यांच्या पाठीमागे आधीच होती. "आणि आता तू चालवायला शीक. बस तिथे. क्लच डावा."

"मी?" काकू म्हणाल्या. पण हे म्हणेपर्यंत त्या स्टिअरिंगच्या मागे बसलेल्याही होत्या.

अक्का शेजारी बसली. फूटपट्टी बाहेर आली. पुढे जागा नव्हती, तेव्हा काका मागे बसले, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. गाडीने एक उडी मारली, मग दुसरी, मग पट्टीचा आवाज आला, मग गाडी सरळ निघाली. सलूनवरून जाताना सलूनवाल्याने कानांवर हात ठेवले आणि काहीच झालं नाही म्हणून खाली घेतले.

काका डावीकडे बसले होते. पुढच्या खड्ड्यात ते अचानक कळवळले आणि अर्धे उठले. काकूंनी आरशातून बघितलं.

काकांनी खिशातून पेन काढलं, फटाक्यांच्या वहीचं नवं पान उघडलं आणि लिहिलं: 'रविवार. ९.४०. मागची सीट, डावी स्प्रिंग. टोचते.' मग थोडा वेळ विचार करून त्यांनी खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तक्रार जुनी आहे.'